नदीची मोहीम आवरतोय. फोटो, वह्या, हिशोब ठेवायचे कुठे आणि कसे?

काठावरचा
रामराम मंडळी. बीडला बिंदुसरेच्या पात्रात आम्हा नागरिकांची जी सफाईची मोहीम चालू होती, ती यंदाच्या पावसाळ्याआधी आवरती घेतोय. भांडणतंटा काही नाही. वर्गणी आटली, धावपळ करणारी पोरं नोकरीला पुण्याकडे गेली आणि पोकलेननं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं. वेड्या बाभळी काढल्या, गाळ उपसला, दोन ठिकाणी काठाला दगडी पिचिंग केलं. नाल्यांचं पाणी अजून पात्रातच येतं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता मागे पसारा राहिलाय. व्हॉट्सअॅप गटांतले ढीगभर फोटो, ड्रोनचे व्हिडिओ, डिझेलच्या पावत्या, टिप्परच्या फेऱ्यांची वही, हजेरीपट, पाणी तपासणीचे अहवाल, बातम्यांची कात्रणं आणि खोलीभर फ्लेक्स. सगळं एका वेबसाइटवर कायमचं टाकावं असं बहुतेकांच्या मनात आहे. एका ओळखीच्यानं कोटेशन दिलंय, वर दरवर्षी देखभालीचे पैसे वेगळे. ते दरवर्षी भरणार कोण, इथं घोडं अडलंय. कुणी असं काम केलं असेल तर सांगा. काय ठेवावं, कुठे ठेवावं, आणि मुळात ठेवावं का?

मोंढ्यातला
फ्लेक्स इंटरनेटवर टाकू नका, माझ्याकडे टाका. कापसाच्या गंजीवर झाकायला लागतात. पुढाऱ्यांचे चेहरे खालच्या अंगाला करून झाकीन, शब्द देतो.

गोदाकाठची_सायली
वेबसाइट करू नका, हात जोडून सांगते. आमच्याकडे नांदेडला घाटाच्या कामाची एक साइट केली होती. करणारी कंपनी उद्घाटनापर्यंत फोन उचलायची, नंतर नाही. वेबपत्त्याचं नूतनीकरण कुणी केलं नाही, नाव सुटलं. आता तोच पत्ता टाकला की रमीची जाहिरात उघडते. आणि आमच्या छापील माहितीपत्रकांवर अजून तोच पत्ता आहे! शाळेतल्या पोरांना वाटलीत ती पत्रकं.

पुण्यातला_बीडकर
कडू बोलतो, राग मानू नका. कोण बघणार आहे हे? मोहीम चालू होती तेव्हा गटावर दोनशे जण, पात्रात उतरणारे पंधरा. बंद झाल्यावर उद्घाटनाचे फोटो बघायला कोण येणार? हार्ड डिस्क कपाटात ठेवा, विषय संपला.

कपाट_क्रमांक_सात
(लातूरला ग्रंथालयात काम करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.)

काठावरचा भाऊ, वेबसाइट राहू द्या, आधी घाईची कामं उरका. फेसबुक लाइव्ह केली होती का? फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुक लाइव्हचे व्हिडिओ ३० दिवसच ठेवतं. आधीचे उतरवून घ्यायला मुदत दिली होती, तीही गेली. आता कुणाच्या फोनमध्ये मूळ असेल तर तेच खरं. दुसरं, मोहिमेच्या नावाचं जीमेल खातं असेलच. दोन वर्षं कुणी शिरलं नाही तर गूगल ते खातं ड्राइव्ह आणि फोटोंसकट काढून टाकू शकतं. १५ जीबी फुकट मिळतं म्हणून सगळे तिथेच साठवतात आणि पासवर्ड एकाच पोराला माहीत असतो. तो पोरगा आता हिंजवडीत, बरोबर ना?

व्हॉट्सअॅपवरचे फोटो हे मूळ फोटो नव्हेत. पाठवताना ते आकसतात, आणि फोटोच्या पोटात लपलेली तारीख-जागा पुसली जाते. फाइलच्या नावातली तारीख तुमच्या फोनवर फोटो आला त्या दिवसाची असते. म्हणजे मे महिन्यातल्या खोदकामाचा फोटो कुणी हौसेनं दिवाळीत परत गटावर टाकला की तो दिवाळीचा होतो, आणि पात्रात पाणी का नाही म्हणून पुढचा माणूस डोकं खाजवतो. ज्यानं काढला त्याच्या फोनमधून केबल लावून घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मग निवड. नारळ फोडतानाचा एकच फोटो ठेवा. पण एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून वेगवेगळ्या महिन्यांत काढलेले फोटो असतील तर त्यातला एकही सोडू नका. पुलाच्या कठड्यावरून खाली बघत काढलेले बरेच असणार, सगळेच तिथं उभे राहून काढतात. तेच सोनं. फाइलला नाव वर्ष-महिना-दिवस-जागा असं द्या, आपोआप क्रमानं लागतात. आणि प्रत्येकाखाली दोन ओळी: कुठून कुठे बघतोय, काय चाललंय, कुणी काढला.

ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह चांगलं. ना-नफा संस्था आहे, १९९६ पासून टिकून आहे, खातं फुकट. निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचं फोटोंचं भांडार) टाका, पण तिथं मुक्त परवाना द्यावा लागतो. म्हणजे उद्या कुणी तुमचा फोटो कॅलेंडरवर छापून विकला तरी नाव दिलंय तोवर तक्रार करता येत नाही. फोटो काढणाऱ्याची परवानगी आधी घ्या. वर्तमानपत्राची कात्रणं तिथं चालत नाहीत. कात्रणांची नुसती यादी करा: पत्र, तारीख, मथळा.

आणि एकाच्याच भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते बरेच दिवस धड चालत नव्हतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर.

मोंढ्यातला
ताई, गावाबाहेरची प्रत माझ्या गंजीखाली ठेवू का?

काठावरचा
@कपाट_क्रमांक_सात, पासवर्डवाला पोरगा हिंजवडीत नाही, खराडीत आहे. बाकी सगळं तंतोतंत. आज रात्रीच फोन करतो.

सुरुवातीच्या प्रेसनोट डीटीपीवाल्याकडून करून घेतल्या होत्या. त्या फायली उघडल्या की नुसती गिचमिड दिसते. टाकून द्यायच्या का?

कपाट_क्रमांक_सात
टाकू नका. श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असे जुने फॉन्ट असणार. युनिकोडमध्ये फिरवून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. फिरवल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, तिथं गडबड होतेच. युनिकोड नसेल तर गूगलला त्यात 'बिंदुसरा' हा शब्द दिसतच नाही, म्हणजे असून नसल्यासारखं. आणि डीटीपीवाल्याकडे पीडीएफ असेल तर तीही मागून घ्या.

बालाघाट_कोरडवाहू
पुण्यातला बीडकर इचारतेत कोण बघणार. मी बघणार.

या मोहिमेचा गाळ मी शेतात टाकलाय, एकदा वरच्या अंगाचा आन् एकदा शहरातला. वरचा गाळ काळाभोर, त्या तुकड्यात कापूस बरा आला. शहराच्या पुलाखालचा आणला त्यात चिंध्या, पन्न्या, बाटल्यांच्या काचा. औत धरलं की दहा पावलाला फाळाला काहीतरी गुतायचं, थांबायचं, हातानं काढायचं. सालगड्याच्या पायात काच गेली. तलावाचा गाळ फुकट भेटतो म्हणून आपण खुशीत नेतो, ती सवय. पण शहरातल्या पात्राचा गाळ येगळा, हे कुणी सांगितलंच न्हाई.

कुठल्या पुलाखालचा गाळ कुठल्या गावात गेला हे त्या टिप्परच्या वहीत असंल तर ती वही आधी ठेवा. फोटो मागून. उद्या दुसऱ्या कुणी नदी उपसली तर त्याला कळंल कुठला गाळ रानात टाकायचा आन् कुठला न्हाई.

पुण्यातला_बीडकर
हे डोक्यात आलंच नव्हतं, दादा. वही ठेवा. बाकी फोटोंबद्दल मत कायम.

काठावरचा
वही आत्ता समोर घेऊन बसलोय. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्याला डिझेलचा डाग, तो पहिल्या वीस-पंचवीस पानांत झिरपत गेलाय. रकाने असे: तारीख, गाडी नंबर, फेरी, कुठून, कुठे, सही. पहिल्या उन्हाळ्यात सगळं व्यवस्थित भरलंय. दुसऱ्या उन्हाळ्यात 'कुठून' रिकामा आणि 'कुठे'च्या खाली नुसतं 'सदर'. वरच्या ओळीत बघायला गेलं तर तिथंही 'सदर'. मागे चार पानं उलटल्यावर गावाचं नाव सापडतं. ड्रायव्हर गावातलेच आहेत, विचारून भरून घेता येईल.

कपाट_क्रमांक_सात
विचारा, पण मूळ वहीत काहीही लिहू नका! आधी आहे तशी स्कॅन करा. ड्रायव्हर सांगतील ते वेगळ्या कागदावर: कुणी सांगितलं, कधी सांगितलं. आठवणीतून भरलेला रकाना आणि त्या दिवशी भरलेला रकाना एकाच शाईत दिसले की पुढच्याला दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाही.

रसायनवाली_परभणी
पाणी तपासणीच्या अहवालांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. नुसता 'नमुना: नदीचे पाणी' असं लिहिलेला अहवाल असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. नाला मिळतो त्याच्या वरून घेतला की खालून, कुठल्या महिन्यात, किती वाजता, हे हवं. आंघोळीलायक पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा: विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी. त्याच्याशी ताडून बघा, आणि आकडे वाईट आले असतील तर तेही टाका.

आणखी एक. आपल्याकडच्या अशा नद्यांत एप्रिल-मेमध्ये शहरातून जे वाहतं ते नदीचं पाणी नसतंच, नाल्यांचंच असतं. त्यामुळे मेमधल्या अहवालाची ऑगस्टमधल्याशी तुलना करून 'मोहिमेमुळे पाणी सुधारलं' असं लिहू नका. पावसानं सुधारलंय ते. ऑगस्टची ऑगस्टशीच करा.

दगडी_पूल
अवांतर होईल, पण लिहितो. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला तेव्हा मी शाळेत होतो. रात्रीत पाणी घरात. आम्ही माळवदावर. सकाळी समोरच्यांचा लाकडी पलंग आमच्या ओट्याला येऊन लागला होता, त्यावर कोंबडी जिवंत. माणसं मात्र खूप गेली त्या पुरात.

पाणी ओसरल्यावर आजोबांनी ओसरीच्या भिंतीवर जिथवर पाणी आलं तिथं खिळ्यानं आडवी रेघ कोरली. पुढं चुना झाला, ऑइलपेंट झाला, तरी बोट फिरवलं की रेघ लागते. अशा रेघा जुन्या घरांत आणखी असतील. घरं पाडायला लागलेत, दोन-चार वर्षांत एकही राहणार नाही. तुमच्या संग्रहात या रेघांचे फोटो आणि जमिनीपासूनची उंची घेतली तर? त्या वेळच्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे निगेटिव्हही निघतील.

टोचनकाशा
दगडी पूल यांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. मी भूमी अभिलेखमधून निवृत्त. पूररेषा आखतात तेव्हा निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. ती गणितानं काढतात. खिळ्याची रेघ हा प्रत्यक्ष पुरावा आहे, गणित बरोबर आलं का ते तिच्यावरून तपासता येतं.

त्याच्या जोडीला जुने नकाशे घ्या. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून जुने कागद पुष्कळसे उर्दूत. पण १९५४-५५ चं खासरापत्रक (कुठली जमीन कुणाकडे याची नोंद) आणि गावनकाशे, टोचनकाशे (एकेका सर्व्हे नंबरचे मोजणीचे नकाशे) मिळतात. नदीचं पात्र तेव्हा किती रुंद होतं ते पट्टी लावून मोजता येतं. आजचा ड्रोनचा फोटो त्यावर ठेवा. बोलायची गरज पडणार नाही.

काळा_कोट
बोलायची गरज पडणार नाही, पण नोटिशीला उत्तर द्यायची पडेल. नकाशाची प्रमाणित नक्कल फी भरून कुणालाही मिळते, ती टाकायला हरकत नाही. त्यावर ड्रोनचा फोटो ठेवून कुणाच्या घराभोवती लाल गोल काढला की तो तुमचा अतिक्रमणाचा आरोप झाला. मोहीम नोंदणीकृत आहे का? नसेल तर दावा ज्यानं अपलोड केलं त्याच्यावर.

टोचनकाशा
म्हणजे नदी किती रुंद होती हे सांगायचंच नाही? मग सेल्फी ठेवा आणि घरी बसा.

काळा_कोट
सांगा की. नकाशा वेगळा टाका, ड्रोनचा फोटो वेगळा टाका, दोन्हींना तारीख आणि प्रमाण द्या. पट्टी बघणाऱ्याला लावू द्या. ज्या घराभोवती तुम्ही गोल काढाल त्यात राहणाऱ्यानं जागा कदाचित रीतसर पैसे मोजून घेतलेली असते. विकणारा कधीच निघून गेलेला असतो. गोल त्याच्याभोवती निघत नाही.

पाणचक्कीवाला
संभाजीनगरहून. उपग्रहाची चित्रं वापरा म्हणायला आलो होतो. सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांआड. पण एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. बिंदुसरा शहरात किती रुंद आहे? चार-पाच ठिपक्यांत नदी काय दिसणार! त्यापेक्षा गूगल अर्थमधली जुन्या तारखांची चित्रं बघा, त्यात पोकलेनसुद्धा ओळखू येतं.

आमच्या खाम नदीच्या कामाचा दाखला कुणी देईल म्हणून आधीच सांगतो. तिथं महापालिका होती, कंपन्यांचा निधी होता, नोंदी ठेवायला पगारी माणसं होती. वर्गणीवर चाललेल्या मोहिमेनं त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नये. आणि हो, वर्णनात गावांची जुनी-नवी दोन्ही नावं घाला. शोधणारा कुठल्या नावानं येईल सांगता येत नाही.

मांजराकाठ
आमच्या लातूरचं बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. तिचे फोटो शोधले की शेकड्यानं येतात. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरेचं पात्र रुंद-खोल केलं, ते आता लातुरातल्याच कॉलेजच्या पोरांना माहीत नसतं. रेल्वे दिसायला देखणी, खड्डा कुणाला बघायचाय.

गोदाकाठची_सायली
+१. खड्ड्याला फॉलोअर नसतात.

निशिगंधा_केज
हजेरीपटाबद्दल. मी काही महिने या मोहिमेत रविवारी जात होते. रोजंदारीवर ज्या बायका पात्रातलं प्लास्टिक वेचत होत्या, त्यांचे फोटो भरपूर आहेत. खाली ओळ काय, तर 'श्रमदान करताना महिला'. श्रमदान कसलं? रोजावर होत्या त्या. त्याच फोटोत पाच मिनिटं घमेलं धरलेल्या पाहुण्यांचं नाव मात्र हुद्द्यासकट! संग्रह करायचाच असेल तर आधी या ओळी दुरुस्त करा, त्या बायकांची नावं टाका.

पण विचारून टाका. मी चौघींना काल फोन केला. दोघी खूश झाल्या. एक म्हणाली, मुलाला दाखवीन. चौथीनं स्पष्ट सांगितलं, "फोटो टाका ताई, नाव-गाव नको. मी कचऱ्याच्या कामाला जात होते हे सोयरिकीत माहीत नाही." तिचा फोटो मी पाठमोरा निवडणार आहे.

आणि हजेरीपटावर मोबाइल नंबर, बँकखातं, अंगठे सगळं आहे. तो तसाच स्कॅन करून टाकलात तर बघाच.

काळा_कोट
निशिगंधाताईंना पूर्ण अनुमोदन. २०२३ चा व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाचं बँकखातं चव्हाट्यावर कशाला? नाव आणि दिवस तेवढे ठेवा, तेही विचारून. बाकी रकाने झाकून प्रत काढा. मूळ हजेरीपट कपाटात.

मोंढ्यातला
डिझेलच्या पावत्या टाकणार का? गंमत म्हणून विचारतोय.

काठावरचा
@मोंढ्यातला, गंमत म्हणून विचारलं तरी खरं उत्तर देतो. गटात यावरूनच वाद चालू आहे. काही जण म्हणतात, लोकांचा पैसा होता, पै-पैचा हिशोब उघडा टाका. काही जण म्हणतात, पावतीवर खाडाखोड दिसली की लोक संशयच घेतील. माझं मत टाकण्याच्या बाजूनं आहे. एक तास पोकलेन चालवायला डिझेल किती लागतं आणि तासात किती टिप्पर भरतात, हा आकडा नवीन मोहीमवाल्याला कुणी सांगत नाही. आम्ही सुरू केलं तेव्हा जो तो आपला वेगळाच आकडा सांगायचा.

पुण्यातला_बीडकर
मग मूळ प्रश्नाचं काय ठरलं? धागा पुरापासून रमीपर्यंत फिरून आला.

काठावरचा
सांगतो. काल बैठक झाली. आठ जण आले.

वेबसाइट रद्द, कोटेशनवाल्याला नम्र नकार कळवला. इंटरनेट आर्काइव्हवर चार गठ्ठे करायचे: टिप्परची वही स्कॅन करून, ड्रायव्हरांच्या सांगण्याच्या वेगळ्या कागदासह; पाण्याचे सगळे अहवाल, नमुन्याची जागा नकाशावर दाखवून; हिशोब, पावत्यांसकट (यावर दोघांचा विरोध नोंदवलाय); आणि ठरावीक जागांवरून काढलेले फोटो. कॉमन्सवर फोटो थोडेच जातील, ज्यांनी काढलेत त्यांची लेखी परवानगी आली की. मूळ वह्या एका वाचनालयाच्या कपाटात, तिथल्या ताईंनी एक खण मोकळा करून दिलाय. हार्ड डिस्कची एक प्रत निशिगंधाताईंकडे केजला. जीमेलचा पासवर्ड आता तिघांकडे आहे. जुन्या नकाशावर एकमत झालं नाही, तो विषय राहिलाय.

पुराच्या रेघांचं काम मात्र लगेच सुरू केलं. काल संध्याकाळी दगडी पूल यांच्या घरी जाऊन टेप लावून आलो. फोटो तिरक्या उजेडात काढावा लागतो, समोरून फ्लॅश मारला की ऑइलपेंट चमकतो आणि रेघ दिसत नाही. शेजारी पट्टी धरून काढलाय. आणखी दोन घरांचा पत्ता त्यांनीच दिला.

टोचनकाशा
नुसती जमिनीपासूनची उंची घेऊ नका. जमीन भरावानं वर येते, रस्ता तर दरवेळी डांबर टाकून चढतोच. जोत्याच्या दगडापासून घ्या आणि जवळच्या पक्क्या खुणेशी जोडा. लेव्हल मशीन घेऊन मी येतो, माझं घरचं आहे. नकाशाचा विषय राहिलाय म्हणता, तो मी सोडणार नाही हेही लक्षात असू द्या.

काळा_कोट
या, चहा माझ्याकडे. भांडण तिथं पुरं करू.

बालाघाट_कोरडवाहू
वहीची पानं कपाटवाल्या ताईनं काल गटावर टाकली, ती बगितली. आमच्या गावच्या फेऱ्यांत भावाचं नाव दोन जागी हाय. त्यातली पुलाखालची फेरी त्यानं न्हेलीच न्हाई, ती माझी व्हती. तो म्हनतो, काचवाला गाळ माझ्या नावावर कामून. सांगणाऱ्याच्या कागदावर माझं नाव लिवा, तारीख आजची टाका.